लाल धाग्याची कोंबडी

शांतवनाला कोणी चोर म्हटलं असतं तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण दशांश बुडवला म्हटलं असतं तर तो आठ दिवस जेवला नसता. अशी माणसं असतात बाप्पा, त्याला इलाज नाही. घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये तो कापसाचा बारदाना शिवायचा, आणि देवाचा हिशोबही तसाच घट्ट टाक्याने घालायचा. दहातला एक प्रभूचा, नऊ आपले. मजुरीचं तर झालंच, पण परसातल्या वांग्यांचं, शेवग्याच्या शेंगांचं, कोणी दिलेल्या पपयांचंही तेच. दहा आंबे आले तर ठीक. सात आले की त्याची बायको सुगंधा कपाळाला हात लावायची, कारण सातातला दशांश काढायला एका आंब्याची चिरफाड व्हायची आणि कोय कोणाच्या वाट्याला जावी यावर शांतवन अर्धा तास विचार करत बसायचा.

सुगंधा देवाच्या बाबतीत काही कमी नव्हती. रविवारी चर्चच्या मंडळीत तिचाच आवाज सगळ्यात वर. गाण्यात ती पेटीलाही मागे टाकायची. पण तिचं म्हणणं एवढंच की देव काही वाण्यासारखा तराजू घेऊन बसलेला नाही.

"त्याले वरून दिसते ना सारं," ती म्हणायची. "मंग तुमी कायले मोजून राह्यले?"

यावर शांतवन पुढची शेंग मोजायला घ्यायचा. हा माणूस भांडतच नसे, आणि सुगंधाला सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात बाभुळगावहून, लेकीच्या सासरहून, निरोप आला की त्यांच्या एकुलत्या एक मोनालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कोणी सांगायला नको. सुगंधाची आई म्हणायची, बाळंतिणीच्या पोटात आठवड्याला एक गावरान कोंबडी गेली तर ती उभी राहते, नाही तर जन्मभर कंबर धरून बसते. सुगंधाने लगेच गावरान अंडी जमवली, शेजारच्या तांड्यावरून बिजलीबाईची खुडूक कोंबडी मागून आणली आणि उबवायला बसवली. दहा पिल्लं निघाली.

"दहा निघाले, तेच चुकलं," सुगंधा पुढे कितीदा तरी म्हणाली. "नऊ निघते तर भानगड नव्हती. पिल्लू कापून दशांश काढाची त्याईची हिंमत झाली नसती."

दहा निघाली म्हटल्यावर शांतवनाने बारदान्याच्या पेटीतला लाल धागा काढला. देवाला मरतुकडं दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून डोळे मिटले, पिल्लांत हात घातला आणि जे हाताला लागलं त्याच्या पायात धागा बांधला. हे प्रभूचं. हंगामाच्या सणाला मंडळीत द्यायचं. उरलेली नऊ मोनालीची. सुगंधाचीही काही तक्रार नव्हती. नऊ म्हणजे बक्कळ झाली. बिजलीबाई आपली कोंबडी बगलेत मारून तांड्यावर परत गेली.

मग सुगंधा शेतात निंदणाला जायला लागली, आणि संध्याकाळी घरी आली की एक पिल्लू कमी. एक घारीने नेलं, एक बोक्याने, दोन मुंगसाने. उरलेलीही अशीच एकेक करून गेली. दसऱ्यापर्यंत अंगणात एकच कोंबडी राहिली, आणि तिच्या पायात लाल धागा होता.

सुगंधा त्या दिवशी ओसरीवर बसून रडली. नऊ कोंबड्या गेल्या म्हणून नाही; मोनालीचं बाळंतपण गेलं म्हणून. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि वर आभाळाकडे पाहून म्हणाली, "तुही एक राखली, माह्या नऊ दिल्या घारीले. चांगला न्याय हाय तुहा."

गावाला मात्र ही गोष्ट भारी आवडली. चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारच्या उपदेशात कोंबडीचा दाखला दिला. प्रभूला वाहिलेलं प्रभू कसं राखतो, असं काहीसं. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या सुगंधाचं डोकं तापलं. पण पाळकसाहेबांना काय बोलणार? ती गाणं आणखी मोठ्याने म्हणाली, एवढंच.

दिवाळी झाली, पण जिनिंगमध्ये नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली नाही. कापसाला भाव नव्हता. ज्यांना जमत होतं त्यांनी माल घरातच दाबून ठेवला, आणि कापूस येत नाही तिथे बारदाना कोण शिवून घेणार? शांतवनाला आठवड्यातून दोन दिवस काम मिळालं तरी नशीब. बाजारातून नऊ कोंबड्या आणण्याची गोष्ट तर बोलायचीच सोय नव्हती. आणि ही प्रभूची कोंबडी इकडे अशी वाढत होती, की आंघोळ करून, तेल लावून, जरीचं लुगडं नेसून फिरावी. जानेवारी लागला आणि ती अंडी घालायला लागली.

सुगंधाने पहिलं अंडं उचललं तर मागे शांतवन उभा.

"थे आपलं नाई," तो म्हणाला.

"कोंबडी त्याची हाय. जवारी आपली खाते ना? मंग अंडं कोणाचं?"

शांतवनाने यावर खरंच विचार केला. दुपारभर केला. मग म्हणाला, "झाड दुसऱ्याचं असलं आन् पानी आपुन घातलं, तं आंबा आपला होते काय?"

झालं. अंडी दर रविवारी चर्चमध्ये जायची, उपासनेनंतर तिथेच विकली जायची आणि पैसे दानपेटीत. दुसऱ्याच रविवारी सुगंधाने भर मंडळीत पुढे होऊन आपल्याच परसातलं अंडं दोन रुपयांना विकत घेतलं आणि घरी आणून शांतवनासमोर तळून खाल्लं. तिला वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल. तो शांतपणे म्हणाला, "आता झालं तुहं. विकत घेतलं, आता तुहं झालं."

त्या वाक्याने सुगंधाच्या डोक्यात किडा सोडला. अंडं विकत घेता येतं, तर कोंबडी काहून नाही?

आता हंगामाचा सण म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. तूर घरात आली की जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मंडळीतले लोक आपापल्या पिकातलं पहिलं आणि चांगलं घेऊन येतात. कोणी पायलीभर तूर, कोणी कोहळा, कोणी बोकड. जो घरून काही आणू शकत नाही तो विहिरीचं पाणी भरून आणतो, तेही चालतं. मग प्रार्थना होते आणि मग लिलाव. लिलावाला सगळा गाव येतो, तांडाही येतो, कारण माल ताजा असतो आणि तमाशा फुकट. एकच अंडं सात जण विकत घेतात आणि सातही जण मेजावर परत ठेवतात. अंडं शेवटपर्यंत कोणाच्या घरी जात नाही, पैसे मात्र पेटीत सात वेळा पडतात. पण आपणच वाहिलेली वस्तू आपणच बोली लावून घरी न्यायची, हे बरं दिसत नाही. दोन रुपयांचं अंडं वेगळं, कोंबडी वेगळी. लोक म्हणतील, दिली काय आणि नेली काय.

म्हणून सुगंधा तांड्यावर बिजलीबाईकडे गेली. वेचणीच्या मजुरीतून गाठीला बांधलेले दोनशे रुपये तिने तिच्या हातावर ठेवले. बाजारात तशी कोंबडी शंभराला मिळायची, म्हणजे दोनशे पुरून उरणार होते.

"तू बोली बोल," सुगंधा म्हणाली. "कोंबडी घेतली की संध्याकाळी माह्या घरी आणून दे. पन मोनालीच्या बाबाले समजलं नाई पाहिजे. त्याईले वाटन मी देवाच्या हातचं हिसकून राह्यली."

"आवं याडी, माह्याच कोंबडीनं उबवली थे," बिजलीबाई म्हणाली. "मी दुसऱ्याच्या हाती जाऊ देतो काय?" बिजलीबाई जेव्हा असं बोलते तेव्हा समोरच्याने थोडं घाबरायला पाहिजे. सुगंधा घाबरली नाही, ही तिची चूक.

त्याच आठवड्यात शांतवनाची सायकल धम्मरत्नच्या दुकानात पडून होती. धम्मरत्न सायकली दुरुस्त करायचा, शांतवनाचा चहाचा दोस्त. पंक्चर आहे, शांतवन म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, चेन आहे. तिसऱ्या दिवशी सुगंधाने विचारलंच नाही. तिच्या डोक्यात कोंबडी होती.

सणाच्या दिवशी शांतवनाने कोंबडीला अंघोळ घातली आणि तिच्या पायातला धागा बदलून नवा बांधला. चर्चपर्यंत दोघं एक अक्षर बोलली नाहीत. मोनाली चार दिवसांवर यायची होती. सुगंधा चालता चालता प्रार्थना करत होती, आणि प्रार्थना अशी होती: प्रभू, तुही कोंबडी तुले देऊन राह्यली, आता मले विकतानी भाव नको वाढवू.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी संतोषाने देण्यावर उपदेश केला. कुरकुरत दिलेलं देवापर्यंत पोचतच नाही, म्हणाले. सुगंधाने मान खाली घातली. उपदेश संपला, आमेन झालं, आणि लोक अंगणात जमले. लिलाव वामनरावांनी पुकारायचा, हे ठरलेलंच. वामनराव मंडळीचे सगळ्यात जुने पंच; एरवी देवाच्या दारात मुंगीच्या पावलांनी चालणारे, पण लिलावाला उभे राहिले की अंगात यायचं.

"हा कोहळा पाहा," ते म्हणाले. "याले पाहून माही बायको मले आठवली. बोला, वीस." कोहळा पस्तीसला गेला, वामनरावांच्या बायकोनेच घेतला. तूर गेली, पपई गेली, अंडं फिरत राहिलं. पण वर्ष वाईट होतं. लोक हसत होते, मात्र खिशातले हात बाहेर यायला वेळ लागत होता. चर्चच्या टिनाला भोकं पडली होती, ती या पैशातून बुजवायची होती, आणि पाळकसाहेब मधून मधून वर टिनाकडे पाहत होते.

मग वामनरावांनी कोंबडी उचलली. "ही काही साधी कोंबडी नाई," ते म्हणाले. "नऊ बहिणी गेल्या, ही राह्यली. ज्याच्या घरी जाईन तिथं घार फिरकनार नाई. बोला, पन्नास."

"शंभर," बिजलीबाई म्हणाली. तिला पन्नास, साठ असं रांगत जाणं माहीतच नव्हतं.

सुगंधा निश्चिंत झाली. शंभरावर कोण जातंय?

"एकशे दहा," मागून आवाज आला. धम्मरत्न.

सुगंधाने मान वळवून पाहिलं. याला कोंबडी कशाला? याच्या घरी कोणाचं बाळंतपण? बायको तर याची वर्धेला माहेरी. बिजलीबाईने एकशे वीस म्हटलं, धम्मरत्नने तीस. चाळीस, पन्नास. धम्मरत्न घाम पुसत होता, पण थांबत नव्हता. लोक पुढे सरकले. जे घरी निघाले होते ते परत आले. वामनरावांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि कोंबडी आणखी वर धरली.

"दोनशे," बिजलीबाई म्हणाली.

"दोनशे दहा."

संपलं. सुगंधाचे पैसे संपले. तिने बिजलीबाईच्या पदराला हिसका दिला. "बस आता. जाऊ दे."

"तू गप बस," बिजलीबाई म्हणाली. "आता हे तुह्यं काम नाई, माह्यं हाय. अडीचशे."

"दोनशे साठ," धम्मरत्न म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता.

सुगंधाला त्या क्षणी धम्मरत्नचा असा राग आला की काय सांगावं. रोज याला ती चहा पाजत होती, साखर जास्त घालून. माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढतो मेला. आणि बिजलीबाई तर घरचे पैसे घालायला निघालेली. दोनशे सत्तर, ऐंशी.

"तीनशे," बिजलीबाईने कमरेवर हात ठेवून सांगितलं.

धम्मरत्नने खिसा चाचपला. मग त्याने मान वळवून चर्चच्या दाराकडे पाहिलं, आणि सुगंधानेही पाहिलं. दारात शांतवन उभा होता. तोंडावरची माशी हलत नव्हती. त्याने धम्मरत्नकडे पाहून एकदाच मान हलवली. हो.

सुगंधाला सायकल आठवली. पंक्चर, मग चेन. जिनिंगला जायची सायकल; घरात गहाण टाकण्याजोगी तेवढीच तर एक वस्तू होती.

"तीनशे पाच," धम्मरत्न म्हणाला.

बिजलीबाईने तोंड उघडलं. तिच्या तोंडून आकडा निघायच्या आत सुगंधाने तिच्या तोंडावर तळहात दाबला. बिजलीबाई काही लहानसहान बाई नव्हे. दोघी मिळून कोहळ्यांवर पडल्या. "वामनरावभाऊ, मोजा," सुगंधा खालून म्हणाली.

"तीनशे पाच एक," वामनराव बिचकत म्हणाले. "तीनशे पाच दोन." बिजलीबाई हातपाय झाडत होती. "तीन."

सुगंधाने हात काढला. बिजलीबाई उठून बसली, डोक्याला कोहळ्याचं देठ. "काहून वं? पागल झाली काय?"

"समोरचा आपलाच हाय," सुगंधा म्हणाली आणि दाराकडे बोट दाखवलं.

लोकांनी दाराकडे पाहिलं. शांतवनाचे कान लाल झाले होते. मग लोकांनी धम्मरत्नकडे पाहिलं, मग बिजलीबाईकडे, मग सुगंधाकडे. कोण कोणाकडून बोलत होतं ते हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात उतरलं, आणि असा हशा झाला की टिनावरची कबुतरं उडाली.

"इतकी वर्सं लिलाव करून राह्यलो," वामनराव डोळे पुसत म्हणाले, "पन नवरा-बायकोनं एकमेकाच्या इरोधात आपलीच कोंबडी घेतलेली पह्यल्यांदा पाह्यली."

पाळकसाहेब काही बोलायला उठले, तोंड उघडलं आणि हसू आवरेना म्हणून परत खाली बसले. त्या हशातच लोकांचे हात खिशातून सुटले. उरलेला माल दुप्पट भावाने गेला आणि ते एक अंडं शेवटी पाळकीणबाईंनी वीस रुपयांना घेऊन टाकलं, फुटायच्या आत.

बिजलीबाईने दोनशे रुपये परत केले ते सुगंधाने तिथेच धम्मरत्नच्या हातात कोंबले. "सायकल द्या," म्हणाली. उरलेल्या शंभराच्या बदल्यात शांतवनाने त्याच्या दुकानातल्या बाकाला गादी शिवून द्यायची ठरली. वरचे पाच रुपये धम्मरत्नने सोडले. "एवढी मजा पाचात कुठं भेटते," तो म्हणाला.

घरी जाताना शांतवन सायकल हातात धरून चालत होता आणि सुगंधाच्या काखेत कोंबडी होती.

"मले सांगाचं ना," ती म्हणाली. "मी तुमाले दगड समजत होती."

"सांगतो कसं? तू म्हनली असती, देऊच नका. दिलं म्हंजे दिलं. मंग विकत घेतली. विकत घ्याले मनाई नाई."

"आन् ही एकटीच वाचली कशी हो? खरं सांगा. पाळकसाहेब म्हनतात तसं असन काय?"

शांतवनाने सायकल खड्ड्यावरून उचलून पलीकडे घेतली. "मी झाकत होतो," तो म्हणाला.

"काय झाकत होते?"

"तू निंदनाले जाय, जिनिंग बंद, मी घरीच. घार दिसली की हिले बांबूच्या डाल्याखाली झाको. दुपारी, सांजीले, बोका दिसला की. पराई वस्तू. सांभाळाची तं नीट सांभाळली पाहिजे ना?"

सुगंधा रस्त्यात थांबली. "आन् बाकीच्या नऊ?"

"थ्या आपल्याच होत्या," शांतवन म्हणाला.

"डालं लहान होतं काय?"

"नाई. मोठं होतं. दहा मावत होत्या." त्याने सायकलच्या घंटीवरून अंगठा फिरवला. "पन मले वाटलं, देवाच्या झाकनीखाली आपला माल घुसवला तं लबाडी होईन."

तिला हसू आलं, रडू आलं आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटली, सगळं एकदमच. दसऱ्यापासून ती आभाळाला बोल लावत होती. आभाळाने काहीच केलं नव्हतं. सारं या माणसाच्या मोजमापाने केलं होतं.

मोनाली आली, फेब्रुवारीत तिला मुलगी झाली. ज्या कोंबडीसाठी सायकल गेली आणि परत आली, तिच्या मानेवर सुरी ठेवायची कोणाची हिंमत झाली नाही. ती अंडी घालत राहिली आणि मोनाली खात राहिली. रश्श्यासाठी बिजलीबाईने तांड्यावरून दोन कोंबडे आणून टाकले. "माह्याच कोंबडीनं उबवली, म्हंजे मीबी आजीच हाय," ती म्हणाली, आणि तोंडावर हात दाबल्याचं सुगंधाला पुन्हा एकदा सुनावून गेली.

होळीनंतर कोंबडी खुडूक झाली आणि चैत्रात तिच्या पंखाखालून अकरा पिल्लं निघाली. शांतवन पेटीतून लाल धागा घेऊन आला. डोळे मिटून पिल्लांत हात घालणार, तेवढ्यात सुगंधाने त्याच्या हातातून धाग्याचं रीळच काढून घेतलं. धागा दाताने तोडला आणि पहिल्या पिल्लाच्या पायात बांधला. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या.

"साऱ्याइले?" शांतवन म्हणाला.

"साऱ्याइले."

"मंग आपल्या कोनत्या?"

"द्याच्या वक्ताले तुमी मोजा," सुगंधा म्हणाली. "राखाच्या वक्ताले साऱ्या त्याच्याच."

शांतवन ओसरीच्या पायरीवर बसला आणि त्याने यावर बराच विचार केला. वर घार फिरत होती. मग तो उठला, आतून मोठं डालं आणलं आणि अकराच्या अकरा पिल्लांवर पालथं घातलं. घालता घालता एका पिल्लाच्या धाग्याला त्याने हळूच खुणेची दुसरी गाठ मारली. सुगंधाने ती पाहिली, आणि नातीला मांडीवर घेऊन दुसरीकडे तोंड फिरवलं.